खरं बोललो, मग माफी कामून मागायची?

पत्र

ताई, नमस्कार. मी लातूरला फिजिक्सचे क्लास घेतो, सासुरवाडी केज तालुक्यातली. मामा म्हणजे माझे सासरे, झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेत. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे, शाळेत असताना मामा स्वतः दोन सीझन कोयत्यावर गेलेले, त्यामुळं गोपीनाथ मुंडे साहेब म्हणजे त्यांच्यासाठी देव. साहेबांचा अपघात नव्हता, घातपातच होता, हे इतकी वर्षं धरून बसलेत आणि आता तर शास्त्रीजी, नेताजी, अमेरिकेचा केनेडी, सगळ्यांना एकाच माळेत ओवायलेत. यंदा धोंड्याच्या महिन्यात जेवायला बोलावलं होतं, साहेबांची पुण्यतिथी, ३ जून, होऊन दोनच दिवस झालेले, विषय निघाला. मी साडू, मेव्हणा, सगळ्यांसमोर मोबाईल काढला, सीबीआयची बातमी वाचून दाखवली आणि म्हणलो, मामा, शिकलेल्या माणसानं तरी असं बोलू नये. मामा ताटावरून उठले. दीड महिना झाला, फोन नाही. बायको म्हणते जाऊन माफी मागा. मी खोटं काय बोललो? शिकलेली माणसं असल्या गोष्टींवर विश्वास कामून ठेवतात? आणि खरं बोलून वर माफी कामून मागायची?

– एक जावई, लातूर

उत्तर

जावईबापू,

पत्र वाचताना मला आधी दिसलं ते ताट. मामींनी तीन दिवस तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून अनारसे केले असतील, तेहतीस मोजून ठेवले असतील, पुरणाचे धोंडे वाफवले असतील, आणि ज्या महिन्यात जावयाला नारायण समजून वाण देतात त्या महिन्यात नारायणानं खिशातून मोबाईल काढून यजमानालाच नापास केलं. हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचंपण वाचा.

खरं कोण बोललं ते आधी मिटवून टाकू. तुम्ही बोललात. ३ जून २०१४, साहेब केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेला, सकाळी साडेसहाच्या आसपास दिल्लीत विमानतळाकडं निघाले होते, चौकात एका इंडिकानं त्यांच्या गाडीला बाजूनं धडक दिली, ते मागच्या सीटवर बसलेले, एम्सला नेलं आणि तासाभरात सगळं संपलं. बाहेरून फार काही दिसत नव्हतं, मार आत लागला होता, यकृताला. दुसऱ्या दिवशी परळीत जी गर्दी लोटली तिनं तिथंच सीबीआय चौकशी मागितली, चौकशी झाली, आणि घातपात नाही, अपघातच आहे असं सीबीआयनं सांगितलं. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन तर म्हणाले होते की मागच्या सीटचा पट्टा लावला असता तर आपला मित्र वाचला असता. मग जानेवारी २०१९ ला लंडनमध्ये एक पत्रकार परिषद झाली, एक माणूस तोंड झाकून व्हिडिओवर आला आणि म्हणला की मतदानाच्या मशीन हॅक झाल्या होत्या, साहेबांना ते माहीत होतं म्हणून त्यांना मारलं. पुरावा म्हणून एक कागद दाखवला नाही, निवडणूक आयोगानं दिल्ली पोलिसांकडं तक्रार दिली, पण त्या रात्री बीड जिल्ह्यात किती लोकांची झोप उडाली असेल ते तुम्हीच बघा, तुमचे मामा त्यातलेच एक असणार.

म्हणजे मार्क तुम्हाला, पैकीच्या पैकी. आता माझं सांगते. सदरात हे मी आधी कधी लिहिलं नव्हतं, आईला विचारून लिहायलेय.

पंधरा वर्षांखाली माझा धाकटा भाऊ गेला. जानेवारी महिना, कारखान्यांचा सीझन, रात्री नऊच्या सुमाराला मोटारसायकलवर घरी यायला निघाला, रस्त्यात ऊसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागं रिफ्लेक्टर नाही, लाल फडकं नाही, आडवा दगडसुद्धा नाही. जागेवरच गेला. आमची भावकीशी बांधावरून केस चालू होती आणि पुढच्याच आठवड्यात तारीख होती. झालं. दहाव्याला घाटावर कुणीतरी बोललं, तारखेच्या तोंडावरच ट्रॉली पंक्चर कशी काय झाली? एवढंच वाक्य, आणि घराला काम लागलं. ट्रॉली कुणाची, ड्रायव्हर कुठला, त्याची मेव्हणी भावकीत कुणाच्या घरी दिलेली, चुलतचुलत्याच्या पोराचा मोबाईल नेमका त्याच रात्री बंद कसा. मी एमए झालेली बाई, मी हे सगळं वहीत उतरवायचे, नावं लिहून, त्यांच्यामध्ये बाण काढून, लाल पेनानं. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत आई धड रडली नाही, सारखी चिडलेली असायची, आणि आम्हाला चिडलेली आईच बरी वाटायची कारण ती उठून भाकरी तरी टाकायची.

मग एक दिवस ट्रॉलीचा तो ड्रायव्हर स्वतःहून दारात आला. चोवीस-पंचवीसचं पोरगं. उभ्या उभ्या म्हणलं, माय, फडकं होतं माझ्याजवळ, सीटच्या खालीच होतं, थंडी होती, बांधायचा कंटाळा केला.

आईनं त्याला पाणी दिलं, बस म्हणली, आणि आत जाऊन जी रडली ती दोन दिवस.

तुम्ही विचारताय शिकलेली माणसं कामून विश्वास ठेवतात, तर माझं उत्तर त्या वहीत आहे. वहीतल्या गोष्टीत माझ्या भावाला मारायला सात माणसांनी बसून डोकं चालवलं होतं, म्हणजे तो केवढ्या मोलाचा माणूस. आणि फडक्याच्या गोष्टीत त्याची किंमत एका फडक्याएवढी. सांगा, बहिणीनं कोणती गोष्ट निवडायची? शिक्षण तिथं उपयोगी पडलं, नाही असं नाही, अक्षर चांगलं होतं आणि बाण सरळ आले.

तर मामांच्या घरात दोन पिढ्यांचा कोयता, त्या कोयत्याच्या दरासाठी भांडणारा माणूस पहिल्यांदा दिल्लीत मंत्री होतो, तुमच्या सासुरवाडीला वाटतं आता आपले दिवस आले, आणि आठव्या दिवशी तो माणूस एका चौकात, एका इंडिकानं, एका न लावलेल्या पट्ट्यानं जातो. माप जुळत नाही हो. एवढा मोठा डोंगर आणि एवढंसं ढेकूळ, तराजूच्या एका पारड्यात हे आणि दुसऱ्यात ते ठेवलं तर मन म्हणतं वजनात काहीतरी गडबड आहे, कुणीतरी काटा मारलाय. आणि तुम्ही त्यांना भर पंगतीत परत तेच ढेकूळ दाखवलंत.

हे आपल्या जिल्ह्यांपुरतं आहे असं समजू नका. मामांच्या माळेतला केनेडीच घ्या. २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस शहर, अमेरिकेचा अध्यक्ष, जगातला सगळ्यात ताकदवान माणूस उघड्या गाडीतून चाललेला, आणि त्याला मारणारा कोण, तर ली हार्वे ओसवाल्ड नावाचा २४ वर्षांचा पोरगा, कुठल्या नोकरीत धड टिकला नाही, रायफल मागवली ती पोस्टानं, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटची. दोनच दिवसांनी त्यालाही पोलीस मुख्यालयात, टीव्ही चालू असताना, जॅक रुबी नावाच्या नाइटक्लबवाल्यानं गोळी घातली. आता तुम्हीच सांगा, शंका येणार नाही तर काय होईल, मला तर वाचतानाच आली होती. सरकारनं वॉरन आयोग बसवला, त्यांनी १९६४ ला ८८८ पानांचा अहवाल दिला की पोरानं एकट्यानं केलं. नंतर १९७९ ला त्यांच्या संसदेच्या एका समितीनं एका आवाजाच्या रेकॉर्डिंगवरून म्हणलं की बहुधा कट असावा, आणि १९८२ ला शास्त्रज्ञांनी ते रेकॉर्डिंगचं गणितच चुकलंय म्हणून सांगितलं. इतकं सगळं होऊन २०२३ च्या गॅलप सर्वेत १०० पैकी ६५ अमेरिकन म्हणतातच की ओसवाल्ड एकटा नव्हता. एवढे ६५ टक्के सगळे अडाणी असतील का? तिथंही क्लास घेणारे, हेडमास्तर, डॉक्टर असणारच.

आणि एक गंमत बघा. ३० मार्च १९८१ ला रोनाल्ड रेगन या अमेरिकेच्या आणखी एका अध्यक्षालापण गोळी लागली, छातीत, फुप्फुसापर्यंत. मारणारा असाच एक भरकटलेला पोरगा, एका सिनेमातल्या नटीवर छाप पडावी म्हणून त्यानं गोळ्या झाडल्या. पण रेगन वाचले, आणि त्या प्रकरणावर कटाची एवढी मोठी चळवळ काही उभी राहिली नाही. गोळी तशीच, माणूस तेवढाच मोठा, मरण तेवढं नाही. १९७९ मध्ये दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हेच कॉलेजच्या पोरांवर करून बघितलं होतं, राष्ट्राध्यक्षावर गोळी झाडली, एका गोष्टीत तो मेला, दुसरीत वाचला, आणि मेला म्हणलं की पोरांना कट जास्त दिसला. तुम्ही फिजिक्सवाले, तुम्हाला हे नीट कळेल, आउटपुट बदललं की माणसाचं मन मागं जाऊन इनपुट वाढवतं.

पुढची पायरी माझ्या वहीसारखीच असते. एकदा कुणीतरी केलंय हे ठरलं की मग शोधायचं उरतं, आणि शोधलं की सापडतंच. केनेडींच्या फोटोंत एक माणूस काळी छत्री उघडून उभा आहे, ऊन पडलेलं, सगळ्या रस्त्यावर त्याच्याशिवाय छत्री कुणाचीच नाही, आणि गोळ्या बरोबर तिथंच लागल्या. लोकांनी काय काय म्हणलं, छत्रीतून विषारी बाण सोडला, छत्री म्हणजे इशारा. १९७८ मध्ये तो माणूस स्वतः चौकशी समितीपुढं आला आणि म्हणला, केनेडींचे वडील हिटलरपुढं नमतं घेणाऱ्या इंग्लंडच्या पंतप्रधान चेंबरलेनच्या बाजूचे होते, चेंबरलेन कायम छत्री घेऊन हिंडायचा, म्हणून मी चिडवायला छत्री उघडली. इतकं विचित्र कारण की खोटं रचणाऱ्याला सुचणार नाही. तुमच्या लग्नाची सीडी आहे ना घरी? ती काढा आणि मंगलाष्टकांची पाच मिनिटं शंभर वेळा बघा. कोपऱ्यात कुणीतरी फोनवर बोलत असणार, एक माणूस असा दिसणार जो दोन्हीकडच्या कुणाच्याच ओळखीचा नाही, आणि एकजण ऐन अक्षता पडताना बाहेर निघून गेलेला असणार. लग्न सुखाचं झालं म्हणून ती सीडी कुणी तपासत नाही, एवढंच. आमच्या त्या पोराचा बंद मोबाईल, तोपण असाच, बॅटरी खराब होती, सहा महिन्यांपासून बंद पडायचा.

आता जावईबापू, एवढं वाचून तुम्हाला वाटत असेल ताई आपल्याच बाजूच्या. थांबा.

मामांनी आयुष्यभर सरकारी कागद कसे होतात ते बघितलंय. तुम्ही लातूरला क्लासमध्ये, त्यांना गावात राहायचंय. गारपिटीचा पंचनामा बांधावर न जाता झाडाखाली खुर्ची टाकून होतो, पीक विम्यात ज्याचं सोयाबीन सगळं पाण्यात गेलं त्याला शून्य आणि ज्याची जमीनच पडीक त्याच्या खात्यात पैसे, हे ज्यानं डोळ्यानं बघितलं त्याला तुम्ही दिल्लीचा पंचनामा मोबाईलवर दाखवून म्हणता, बघा, सरकारनं सांगितलंय. त्यांच्या लेखी तुम्ही पुरावा दाखवलाच नाहीत, झाडाखालची खुर्ची दाखवलीत. सरकारं लपवतात हे खोटं कुठंय? अमेरिकेच्या सीआयएनं क्यूबाच्या कॅस्ट्रोला मारायचे खरेच बेत केले होते, १९७५ ला त्यांच्याच सिनेटच्या समितीनं ते बाहेर काढलं, मग तिथल्या माणसानं केनेडीबद्दल सरकारवर डोळे झाकून विश्वास ठेवावा कसा? आणि जिथं माणसाच्या हातात काहीच नसतं तिथं तर हे जास्तच होतं. पाऊस घ्या. पेरलं, खत टाकलं, फवारलं, सगळं बरोबर केलं आणि पाऊस नाही, तर आमच्याकडं डोंगरावरच्या पवनचक्क्या ढग पांगवतात म्हणणारी माणसं आहेत, चांगली बागायतदार माणसं. पवनचक्कीनं ढग पांगत नाहीत, ढग केवढ्या उंचीवर असतात, पण पवनचक्कीवर मोर्चा नेता येतो, ढगावर नेता येत नाही.

आणि हे नुसतं घरगुती भांडणापुरतं राहत नाही तेपण सांगते, नाहीतर मामा वाचतील आणि म्हणतील बघा ताईसुद्धा म्हणायली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागणाऱ्या पाच माणसांना पोरं पळवणारी टोळी समजून गावानं ठेचून मारलं, मोबाईलवरच्या अफवेवरून. तिथंही कुणीतरी करतंय हाच विचार होता. त्यामुळं माझं म्हणणं असं अजिबात नाही की ज्याला जे वाटतं ते वाटू द्या.

मग ओळखायचं कसं? कारण कट खरेही असतात, ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट. गांधीजींचा खून हा कटच होता, कोर्टात सिद्ध झालेला. पण तो कट कसा होता बघा. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाऊसला बॉम्ब फोडला, मदनलाल पाहवा जागेवर पकडला गेला, बाकीचे घाबरून टॅक्सीत बसून पळाले. या मदनलालनं आधीच मुंबईत एका प्रोफेसरापुढं बढाई मारून ठेवलेली, तो प्रोफेसर स्फोटाची बातमी वाचून मोरारजी देसाईंना जाऊन सांगून आला. पिस्तूल ऐनवेळी ग्वाल्हेरला जाऊन मिळवलं. पुण्याचा शस्त्रं विकणारा दिगंबर बडगे पुढं माफीचा साक्षीदार झाला आणि भडाभडा सगळं बोलला. दहा दिवस पोलिसांच्या हातात धागा होता आणि तरी ३० जानेवारी झाली, आणि ते कसं झालं यावर पुढं कपूर आयोगानं लिहिलं. उलट चौथ्या गोळीची गोष्ट, म्हणजे गोडसेशिवाय अजून कुणीतरी गोळी झाडली म्हणून नव्यानं तपास करा, ही मागणी सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये फेटाळली.

किंवा २८ जून १९१४ चं सारायेव्हो घ्या, जिथून पहिलं महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारायला रस्त्यावर पोरं उभी केलेली. एकाच्यानं बॉम्ब टाकवलाच नाही. दुसऱ्यानं टाकला तो गाडीवरून उडून मागच्या गाडीखाली फुटला, मग त्यानं विष घेतलं तर उलटी झाली, नदीत उडी मारली तर नदीत पाणी घोट्याएवढं. सगळं फसलं म्हणून सगळे पांगले आणि नंतर युवराजाचा ड्रायव्हर चुकीच्या वळणाला वळला, गाडी थांबवली, आणि समोर त्यांच्यातलाच प्रिन्सिप उभा, त्यानं गोळ्या घातल्या. राजीव गांधींचा २१ मे १९९१ चा श्रीपेरुंबुदूरचा कटपण खरा, श्रीलंकेतल्या एलटीटीई संघटनेचा, आणि तो उघडा पडला कशानं, तर कटवाल्यांनीच फोटो काढायला नेलेला फोटोग्राफर स्फोटात मेला आणि त्याचा कॅमेरा शाबूत राहिला, त्यात फोटो होता, मानवी बॉम्ब झालेली बाई हार घेऊन उभी.

खरा कट असा असतो, आपल्या गावच्या सोसायटीच्या इलेक्शनसारखा, कुणी फुटतं, कुणी दारूत बोलतं, कुणाचं टायमिंग हुकतं, आणि मागं काहीतरी राहून जातं. मनातला कट मात्र फार शिस्तीचा असतो, त्यात शंभर माणसं असली तरी एकसुद्धा फुटत नाही, आणि पुरावा मिळाला नाही की तोच पुरावा होतो. मामांचं कशात बसतं ते त्यांनाच बघू द्या. त्यांनी फिजिक्स नसेल शिकवलं, गणित तर शिकवलंच असेल.

त्या माळेबद्दल पण बोलायचंय, कारण तुमची खरी संधी तिथं आहे आणि तुम्ही ती घालवली. तुम्ही सगळी माळच फेकून दिलीत. मणी वेगवेगळे आहेत. शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ च्या रात्री ताश्कंदला गेले, आदल्या दिवशीच पाकिस्तानशी करार झालेला, पोस्टमॉर्टेम झालं नाही, पुढं माहिती अधिकारात कागद मागितला तर परदेशाशी संबंध बिघडतील म्हणून पंतप्रधान कार्यालयानं दिला नाही. हार्ट अटॅक असेल, मला तसंच वाटतं, पण तिथं शंका घेणाऱ्याला वेडा म्हणायचा आपल्याला काय अधिकार? नेताजींचं तर एका समितीनं आणि एका आयोगानं विमान अपघात म्हणलं, २००५ ला आलेल्या मुखर्जी आयोगानं अपघातात गेले नाहीत म्हणलं, आणि सरकारनं तो अहवाल मान्य केला नाही. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला, निकाल १० मे २०२४ ला, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले, आणि यामागं डोकं कुणाचं ते सिद्ध झालंच नाही. तिथं प्रश्न विचारत राहणं म्हणजे नागरिकाचं कामच आहे. हे मणी केनेडीच्या छत्रीवाल्याबरोबर एका दोऱ्यात ओवायचे नसतात, आणि तुम्हीही ते एका झटक्यात तोडायचे नसतात. मामांबरोबर बसून एकेक मणी वेगळा केला असता, हा बघा मामा यात तुमचं बरोबर आहे, यात अर्धं, यात मला पटत नाही, तर मला वाटतं ते ताटावरून उठले नसते. एखाद्यात तुमचंच मत बदललं असतं.

फक्त एक तपासायचं. इंग्लंडच्या केंट विद्यापीठातल्या काही जणांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला, ज्यांना राजकुमारी डायनाचा खून झालाय असं जास्त वाटतं त्यांनाच ती जिवंत आहे, मरणाचं नाटक केलंय, हेपण जास्त वाटतं. दोन्ही एकदम कसं खरं असेल? पण तिथं गोष्ट महत्त्वाची राहिलेलीच नसते, वरचे खोटं बोलतात एवढाच पाया असतो. मामा तिथं पोचलेत का, हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय ना तुम्हाला कळणार ना मला. मला तरी पत्रावरून तसं वाटत नाही. मला वाटतं त्यांच्या माळेत खरा मणी एकच आहे, बाकीचे त्याला सोबत म्हणून आलेत.

तर माफी. होय, मागायची. सीबीआयबद्दल नाही, ते तुमचं खरं आहे आणि त्यातलं एक अक्षर मागं घेऊ नका, खोटं गोड बोललात तर मास्तर माणूस लगेच ओळखेल आणि अजून चिडेल. माफी पंगतीची मागायची. साडू-मेव्हण्यांसमोर बोललो, ३ जूनच्या दोन दिवसांनी बोललो, आणि शिकलेल्या माणसानं म्हणलो, हे चुकलं. तीन वाक्यं. मग गप बसायचं. बायकोला पुढं करू नका, फोनवर उरकू नका, आणि मेसेज तर अजिबात नको.

नंतर, त्याच दिवशी नाही जमलं तर पुढच्या खेपेला, त्यांना विचारा की मामा, साहेब तुम्हाला पहिल्यांदा कुठं भेटले होते. कोण मारलं, कसं मारलं, काही नाही, कुठं भेटले एवढंच. कोयत्यावर असताना भेटले असतील, एखाद्या कारखान्याच्या गेटवर सभा झाली असेल, परळीला ४ जूनला मामा गर्दीत होते का, चालत गेले का, परत कसे आले. दीड-दोन तास लागतील. तुम्हाला क्लास असेल तर त्या दिवशी सुट्टी टाका. हे ऐकून झाल्यावर कधीतरी, महिन्या-दोन महिन्यांनी, वाटलंच तर विचारा, मामा, घातपात नव्हता हे पटायला तुम्हाला काय दिसायला पाहिजे? आणि हाच प्रश्न आधी उलटा करून स्वतःला विचारून जा, घातपात होता हे पटायला मला काय दिसायला पाहिजे, कारण ते तुम्हाला विचारणारच, मास्तर आहेत. त्यांनी काहीतरी ठरावीक सांगितलं, असा कागद, अशी साक्ष, तर दोघं मिळून शोधा, खरंच शोधा. आणि काहीच दाखवलं तरी पटणार नाही म्हणले तर विषय सोडा, चहा घ्या, सोयाबीनचा भाव काय चाललाय विचारा, त्यात तरी सगळ्यांचं एकमत असतं.

माझ्या आईचं विचाराल तर तो ड्रायव्हर दरवर्षी दिवाळीनंतर एकदा येऊन जातो, आता त्याची स्वतःची ट्रॉली आहे. आई त्याच्याशी फार बोलत नाही. तो निघाला की बाहेर येऊन ट्रॉलीच्या मागच्या बाजूला जाऊन बघून येते फक्त.

तुम्ही रविवारी जा. मोबाईल दारातच बायकोकडं द्या, चार्जिंगला लाव म्हणून.